देवाच्या वचनाची वाट पाहताना





आपल्या राजूरच्या परिसरात वाट पाहणे कोणालाच चुकलेले नाही. मृग कोरडा गेला की धुऱ्यावर उभे राहून आभाळाकडे पाहायचे, दुबार पेरणीसाठी पुन्हा उसने मागायचे, कापूस घरात आला की भावाची वाट पाहायची. कोलियरीत ठेकेदाराकडे राबणारा पगाराची वाट पाहतो, शिकलेला मुलगा नोकरीची. अशा वेळी मनात येते : देवाने वचन दिले आहे, तर ते आपल्या उंबरठ्यापर्यंत का येत नाही? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

हबक्कूक संदेष्ट्यालाही हाच प्रश्न पडला होता. 'प्रभो, किती काळ?' अशी त्याने तक्रार केली आणि मग उत्तर ऐकण्यासाठी तो पहाऱ्यावर उभा राहिला. वचनाची वेळ ठरलेली आहे, उशीर वाटला तरी वाट पाहा, असे देवाने त्याला सांगितले. तक्रार केली म्हणून देव त्याच्यावर रागावला नाही. म्हणून देवापुढे रडणे म्हणजे अविश्वास नव्हे.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की आशा ही भविष्यातल्या, मिळण्यास कठीण पण शक्य असलेल्या चांगल्या गोष्टीची असते. सहज मिळणाऱ्या गोष्टीसाठी आशा लागत नाही. या आशेच्या विरुद्ध ते दोन पापे सांगतात. एक निराशा : 'देव आता काही करणार नाही.' दुसरे म्हणजे फाजील भरवसा : 'मी काही केले नाही तरी देव करीलच.' दोघांनीही खरे तर वाट पाहणे सोडलेले असते.

वाट कशी पाहावी हे समजण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका संताकडे वळू. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांची जेझुइट संघात जाण्याची इच्छा पूर्ण झाली नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि दुभाषी म्हणून जपानला गेले. दि. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. 1614 साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि 1644 पर्यंत तेथे उरलेले शेवटचे धर्मगुरूही हुतात्मा झाले.

त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे नागासाकीजवळच्या खेड्यांतील ख्रिस्ती लोकांना ना मिस्सा मिळाली, ना पापनिवेदन. पकडले गेल्यास शिक्षा होती. ते शेती करीत, मासे धरीत आणि गुपचूप प्रार्थना शिकवीत. प्रत्येक गावात एकाकडे बाप्तिस्मा देण्याचे काम असे आणि एकाकडे सणांचे दिवस मोजण्याचे. एक दिवस धर्मगुरू परत येतील, ही आशा आजोबांनी नातवांच्या हाती दिली. अनेक पिढ्या वाट पाहतच देवाघरी गेल्या.

पुढे परदेशी लोकांसाठी नागासाकीच्या ओउरा येथे चर्च उभे राहिले. ते गोन्सालो गार्सिया आणि त्यांच्या सोबत्यांच्या नावाने अर्पण केलेले होते. दि. 17 मार्च 1865 रोजी तेथे फादर पेतिजाँ यांच्यापाशी काही खेडूत आले. आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे एका स्त्रीने हळूच सांगितले आणि पवित्र मारियेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. आपण सध्या दुःखाचा काळ पाळत आहोत, आज सतरावा दिवस आहे, असेही ते म्हणाले. त्या वर्षी राखेचा बुधवार 1 मार्चला होता. मोजणी बरोबर होती!

यातून आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली : वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. त्या लोकांनी हातात होते तेवढे काम रोज केले.

दुसरी : कोणी एकट्याने वाट पाहिली नाही. एक विसरला तर दुसऱ्याला आठवत होते.

तिसरी गोष्ट कठीण आहे. धर्मगुरू भेटले म्हणून दुःख संपले नाही. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या सुमारे 3,400 ख्रिस्ती लोकांना हद्दपार केले गेले आणि सहाशेहून अधिक मरण पावले. 1873 साली बंदी उठली. मग त्यांना वचनातून काय मिळाले? त्यांनी ज्याची वाट पाहिली, तो ख्रिस्त आपल्या संस्कारांतून त्यांच्याजवळ आला. त्याने 'मी सदैव तुमच्याबरोबर आहे' असे सांगितले आहे. दुःख येणारच नाही असे सांगितलेले नाही.

म्हणून 'प्रार्थना करा, यंदा पीक येईलच' असे आम्ही कोणाला सांगणार नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर गेले आहे. ज्या घरात असे दुःख घडले, त्या घराकडे 'त्यांचा विश्वास कमी पडला' म्हणून बोट दाखवू नका. अशा जिवांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आणि आज ज्याला कर्जाने झोप येत नाही, त्याला आमची विनंती आहे : एकटे राहू नका. घरात बोला, शेजाऱ्याला सांगा, धर्मगुरूंचे दार केव्हाही वाजवा.

या आठवड्यासाठी : रोज संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून रोझरीचा निदान एक दशक म्हणावा. अडचणीत असलेल्या एका कुटुंबाला भेट द्यावी आणि उपदेश न करता त्यांचे ऐकून घ्यावे.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तुझ्या वेळेवर भरवसा ठेवण्याचे बळ आम्हांला दे, आणि वाट पाहताना एकमेकांचा हात सोडू देऊ नकोस. आमेन.