ताण आणि तोल

काशी म्हटले की गंगेचे घाट, विश्वनाथाचे मंदिर आणि संस्कृत पाठशाळा डोळ्यांपुढे येतात. या नगरीला आखाड्यांचीही जुनी परंपरा आहे. तेथील मल्ल कुस्ती खेळतात, गदा आणि जोडी फिरवतात. या परंपरेत मराठी माणसांनी मल्लखांबाची भर घातली.

खांबावरील व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो. पुढे मागे पडलेल्या या विद्येला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी नवजीवन दिले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास गेले. उत्तरेत वसलेल्या मराठी मंडळींबरोबर ही विद्याही तिकडे रुजली. काशीतील मल्लखांबाच्या आखाड्याशी बाळंभटदादांच्या परंपरेतील कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव जोडले जाते.

बळ कोठे लावावे?

मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. त्याला एरंडेल तेल लावतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही. पण खांब गुळगुळीत होतो आणि पकड सर्वस्वी स्नायूंच्या दाबावर अवलंबून राहते. पायांनी खांब आवळून धरण्याच्या मूळ पकडीला ‘अढी’ म्हणतात. नवशिका अढी घालताना मांड्यांबरोबर मान, खांदे आणि जबडाही आवळतो. श्वास कोंडून धरतो. परिणामी तो लवकर थकतो आणि खाली घसरतो. जाणता खेळाडू मांड्या आणि कंबर घट्ट ठेवतो, मान व खांदे सैल सोडतो आणि श्वास चालू ठेवतो. दोघांचे बळ कदाचित सारखेच असेल. फरक असतो तो बळाच्या वाटणीत.

दूर देशीचा दाखला

जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर कराटे ही युद्धकला वाढली. तिच्यातील ठरावीक हालचालींच्या क्रमाला ‘काता’ म्हणतात. ‘सान्चिन’ या कातामध्ये पावले खांद्यांइतकी रुंद ठेवून एक पाऊल किंचित पुढे घेतात. पायांची बोटे आत वळवतात, गुडघे थोडे वाकवतात आणि पोट घट्ट करतात. खांदे मात्र वर चढू द्यायचे नाहीत. प्रत्येक हालचाल श्वासाबरोबर होते. शिष्य उभा असताना गुरू त्याच्या खांद्यांवर आणि मांड्यांवर हाताने थापा मारून ताण योग्य जागी आहे की नाही, हे पाहतात. ओकिनावातील गुरू मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी आपल्या पद्धतीला ‘गोजू’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘कठीण आणि मृदू’ असा आहे.

मल्लखांब आणि कराटे यांचा उगम वेगळा, हेतूही वेगळा. एकात माणूस खांबाला बिलगतो, दुसऱ्यात जमिनीवर पाय रोवतो. तरीही दोन्ही विद्या एकच गोष्ट शिकवतात: सगळे शरीर ताठ करणे म्हणजे सामर्थ्य नव्हे.

हातातून हाती

हा धडा व्यायामापुरता नाही. ओझे उचलताना श्वास कोंडला, तर रक्तदाब एकाएकी वाढतो. जड पोते उचलणाऱ्या हमालाला किंवा पाण्याची घागर उचलणाऱ्या स्त्रीलाही पाय रोवणे, गुडघे वाकवणे आणि श्वास चालू ठेवणे उपयोगी पडते.

पवित्र्याचे चित्र पुस्तकात छापता येते. स्नायू किती आवळावा, हे मात्र चित्रात दिसत नाही. ते गुरूच्या हाताच्या स्पर्शाने कळते. म्हणूनच एखादा आखाडा ओस पडतो, तेव्हा केवळ एक जागा रिकामी होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका शरीराने दुसऱ्या शरीराला दिलेले ज्ञान तेथेच थांबते.

स्वाध्याय

१. नवशिका आणि जाणता खेळाडू यांच्या अढीतील फरक सांगा.
२. ‘गोजू’ या नावाचा अर्थ मल्लखांबालाही कसा लागू पडतो, ते स्पष्ट करा.
३. तुमच्या रोजच्या कामात शरीराचा कोणता भाग विनाकारण आवळला जातो? निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा.