शिवणीचा वाटा

गोधडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरावे, त्यांवर रंगीत तुकडे मांडावे आणि धावदोरा घालावा, की थंडीच्या रात्रींची सोय झाली. अमेरिकेतही तुकड्यांची गोधडी शिवण्याची जुनी परंपरा आहे. तेथे तिला 'क्विल्ट' म्हणतात. खाली अस्तर, मध्ये कापूस आणि वर तुकडे जोडून केलेले कापड, असे तिचे तीन थर असतात. वरचे कापड पुष्कळदा सारख्या मापाच्या चौकटी जोडून होते. या चौकटींची नावे मोठी गमतीची आहेत : 'अस्वलाचा पंजा', 'फुटक्या बशा', 'भिरभिरे'.

अशा गोधडीतील कापड कित्येकदा मोलाचे असते, पण ते बाजारातील मोलाने नव्हे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात वसलेले जीज बेंड नावाचे एक खेडे आहे. तेथील मिझुरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवली. तिची रचना साध्या पट्ट्यांची व ठोकळ्यांची होती. पण ते कापड पुन्हा कोठे मिळणार होते? असे कापड हाती असले, म्हणजे कात्री चालविण्यापूर्वी विचार करावा लागतो. त्रिकोण कापावयाचे असतील तर अधिकच!

'भिरभिरे' हीच चौकट पाहा. चौकोन कर्णावर कापला की दोन काटकोन त्रिकोण होतात. एक फिका आणि एक गडद त्रिकोण तिरक्या बाजूंनी जोडला की पुन्हा चौकोन होतो, परंतु दुरंगी. असे चार दुरंगी चौकोन जोडले म्हणजे भिरभिरे तयार होते. किती सोपे! पण नवशिका येथे दोन ठिकाणी फसतो.

पहिली फसगत मापाची. तयार दुरंगी चौकोन ३ इंचांचा हवा, म्हणून तो ३ इंचांचेच कापड कापतो. शिवणही आपला वाटा मागते, हे तो विसरतो. कडेच्या प्रत्येक शिवणीत पाव इंच कापड आत जाते. दोन्ही कडा मिळून अर्धा इंच होतो. कर्णावरील शिवणही पाव इंचच घेते. पण ती तिरकी असल्यामुळे चौकोनाच्या बाजूवर मोजल्यास तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक, सुमारे ०.३५ इंच भरतो. एकूण वाटा झाला सुमारे ०.८५ इंच. म्हणून जाणत्या स्त्रिया ७/८ इंच कापड अधिक घेतात, म्हणजे ३ पूर्णांक ७/८ इंचांचा चौकोन कापतात. हा वाटा दिला नाही, तर त्रिकोणांची टोके शिवणीत गडप होतात.

दुसरी फसगत कापडाच्या स्वभावाची. रुमाल उभ्या धाग्यांच्या दिशेने ओढून पाहा. तो फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. तो लगेच लांबतो. या तिरक्या दिशेला शिंपी 'उरेब' म्हणतात. आधी त्रिकोण कापले, तर त्यांची उरेब कड शिवताना ताणते आणि चौकोन वाकडा होतो.

यावरचा उपाय मोठा शहाणपणाचा आहे : आधी शिवावे, मग कापावे. एक फिका व एक गडद चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवावा. वरच्या चौकोनावर पेन्सिलीने कर्ण आखावा. त्याच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच अंतरावर शिवण घालावी आणि मग कर्णावर कापावे. तुकडे उघडले की दोन दुरंगी चौकोन हाती येतात. इस्त्री घासू नये, दाबून उचलावी. नाहीतर उरेब पुन्हा ताणते. मग प्रत्येक चौकोन छाटून साडेतीन इंचांचा करावा. फिक्या व गडद चौकोनांच्या दोन जोड्या घेतल्या की चार दुरंगी चौकोन होतात.

आता प्रत्येक चौकोन शेजारच्यापेक्षा पाव वळसा फिरवून अशा रीतीने मांडावा, की चारही कर्ण मध्यबिंदूत मिळतील. झाले भिरभिरे! तेच चौकोन गडद कोपरे मध्याकडे वळवून मांडले, तर भिरभिऱ्याऐवजी मधोमध शंकरपाळा उमटतो.

एका चौकटीत १/८ इंचाची चूक डोळ्यांना जाणवत नाही. पण आठ चौकटींच्या ओळीत तीच चूक साठून पूर्ण एक इंच होते आणि शेजारची ओळ तिच्याशी जुळत नाही. गोधडी पूर्ण झाल्यावर लोक भिरभिऱ्यांचे रंग पाहतात. शिवणीत गेलेले कापड कोणालाच दिसत नाही. पण सारी गोधडी एकत्र धरून ठेवते ते हे न दिसणारे कापडच.

स्वाध्याय

१. शिवणीचा वाटा कोणकोणत्या ठिकाणी द्यावा लागतो?
२. 'आधी शिवावे, मग कापावे' असे का म्हटले आहे?
३. तयार दुरंगी चौकोन ४ इंचांचा हवा असल्यास किती इंचांचा चौकोन कापावा?
४. रंगीत कागदाचे चार दुरंगी चौकोन करून भिरभिरे व शंकरपाळा मांडून पाहा.