थेरपीचे पैसे विम्यातून का मिळत नाहीत?

प्रश्न : माझ्या मुलाला आठ वर्षांपासून बायपोलर आहे. गोळ्या चालू आहेत, पण तो सावरला थेरपीमुळे. दर आठवड्याला १५०० रुपये लागतात. आरोग्य विमा आहे, तरी कंपनीने क्लेम नाकारला. मानसिक आजार आता विम्यात धरतात ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : धरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारांनाही द्यायचा, असं त्याचं कलम २१ सांगतं. तरीही कंपन्या टाळाटाळ करत राहिल्या. एका महिलेचं रुग्णालयाचं बिल असंच नाकारलं गेलं, तेव्हा २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला.

पण ते बिल भरती झाल्याचं होतं, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्ण २४ तास दाखल असेल तरच पैसे देतात. सर्दी-तापाचं ओपीडी बिल मिळत नाही, तसंच थेरपीचंही नाही. कंपनीच्या लेखी हीच समानता! मोडलेल्या हाडाला ती चालेल. बायपोलरसारख्या वर्षानुवर्षांच्या आजारात मात्र निम्मं काम थेरपिस्टसमोरच्या खुर्चीत होतं. झोप तीन तासांवर आली, बोलण्याचा वेग वाढला, हातून पैसे सुटू लागले की समजायचं, उसळी येतेय. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. हे मुलगा तिथेच शिकतो. गोळ्यांच्या जोडीला अशी थेरपी असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, असं अभ्यास सांगतात. वर्षाचे ७८,००० रुपये तुम्ही एकट्याने भरायचे आणि थेरपी सुटून मुलगा दाखल झाला की कंपनी बिल देणार, हा मला सरळ अन्याय वाटतो. विमा नियामकाने थेरपीचा खर्च प्रत्येक पॉलिसीत सक्तीचा करायला हवा.

आज काय करता येईल? तुमच्या पॉलिसीत 'ओपीडी कव्हर' आहे का, त्यात मानसिक आजार धरलेत का आणि मर्यादा किती, हे आधी पाहा. मुलाला कधी दाखल करावं लागलं, तर डिस्चार्ज कार्डावर पुढच्या थेरपीचा सल्ला डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरी आल्यानंतरचे काही दिवस, अनेक पॉलिसींत ६०, त्या आजाराचा खर्च मागता येतो.

नकार फोनवर ऐकून सोडू नका. कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसीत ओपीडी स्पष्ट वगळली असेल, तर तिथेही फारशी आशा धरू नका. नवी पॉलिसी घेताना आजार लपवू नका, पुढे क्लेम त्यावरच अडतो. आधीपासूनच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं.

रात्री-अपरात्री मुलगा बेचैन झाला, तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पैशांची ओढाताण होत असेल, तर आठवड्याऐवजी पंधरवड्याने येऊ का, हे थेरपिस्टला मोकळेपणाने विचारा. पण न सांगता थेरपी सोडू नका.