रोयणीवरील अळमी : निरीक्षण आणि छायाचित्रण

मृगाचा पाऊस स्थिरावला, आर्द्रा सरली आणि पुनर्वसूच्या सरी कोसळू लागल्या की गोमंतकातील डोंगरपायथ्याच्या गावांत पहाटेच एक निराळी लगबग सुरू होते. डोक्यावर खोळ आणि हाती टोपली घेऊन माणसे फटफटण्यापूर्वीच रानाची वाट धरतात. दिवस वर येईतो म्हापसा, फोंडा, मडगाव येथील बाजारांत आणि हमरस्त्यांच्या कडेला पानांत बांधलेले अळम्यांचे वाटे दिसू लागतात. महाराष्ट्रात ज्याला अळंबी म्हणतात तीच ही अळमी. श्रावणात मासळी वर्ज्य करणाऱ्या घरांतून तर अळम्यांच्या शागोतीची वाट वर्षभर पाहिली जाते.

रानात छत्रीसारखी उगवणारी प्रत्येक वस्तू खाण्याजोगी नसते, हे सर्वच जाणतात. परंतु खाण्याजोगे अळमे तरी नेमके काय आहे आणि ते ठरावीक जागीच का उगवते, याची माहिती थोड्यांनाच असते. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. रोयणीत राहणारी वाळवी ही एका अर्थाने शेतकरीच आहे. वाळलेला पाला, काटक्या, कुजके लाकूड ती खाते. पण त्यातील कठीण भाग तिला पचत नाही. म्हणून कामकरी वाळवी आपल्या विष्ठेपासून जमिनीखाली स्पंजासारखे सच्छिद्र पोळे रचते आणि त्यावर एका विशिष्ट बुरशीची जोपासना करते. ही बुरशी लाकडातील कठीण द्रव्ये मऊ करते, पोळ्यावर बारीक पांढरे मणी धरतात आणि वाळवी ते खाऊन जगते. पावसाळ्यात हीच बुरशी जमीन भेदून वर येते. तेच आपले अळमे. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली या कवकवंशाला ‘टर्मिटोमायसीस’ असे नाव दिले. त्याचा अर्थच मुळी वाळवीची बुरशी असा आहे. धिंगरी किंवा बटन अळंबी शेडमध्ये पिकविता येते. रोयणीवरचे अळमे मात्र वाळवीवाचून व्यापारी प्रमाणावर पिकविणे अद्याप साधलेले नाही. बाजारात त्याला जो भाव येतो, त्याचे कारण हेच.

या व्यवहारातील एक दुवा फार नाजूक आहे. पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती पंखांची वाळवी झेपावते. त्यातील एखादी जोडी पंख गाळून जमिनीत शिरते आणि नवे घर मांडते. या जोडीपाशी बुरशीचे बियाणे बहुधा नसते. काही आठवड्यांनी तिची पहिली कामकरी संतती बाहेर पडते आणि अन्नासोबत जमिनीवर पडलेले बुरशीचे बीजाणू वेचून आणते. जुन्या रोयणींवरची अळमी उमलून बीजाणू ढाळतात तीही याच सुमारास. आता बाजाराची रीत पाहा. मिटलेल्या कळीला भाव अधिक, उमललेल्या छत्रीला कमी. कळी खुडली म्हणजे तिचे बीजाणू जमिनीवर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. जुन्या रोयणीचे कवकजाल जमिनीखाली शाबूत राहते, त्यामुळे पुढल्या वर्षी तेथे पुन्हा अळमी येतील आणि वेचणाऱ्याला काही बिघडले असे वाटणारही नाही. परंतु नव्या रोयणींना बियाणे कोठून मिळणार?

काही वर्षांपूर्वी सत्तरीतील एका वयोवृद्ध गृहस्थांबरोबर प्रस्तुत लेखक रानात गेला होता. दोन-अडीचशे अळमी वेचून झाल्यावर ते थांबले. पूर्ण उमललेल्या पंधरा-वीस छत्र्या अजून उभ्या होत्या. त्या का सोडल्या, असे विचारता ते म्हणाले, “साहेब, ती रोयणीची. आपली नव्हेत.” त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच सांगितले होते, कारण त्यांनी कधी विचारले नव्हते.

त्याच सकाळी लेखकाची एक फजितीही झाली. वाटेत एका कुरणात पांढऱ्या मोठ्या छत्र्या दिसल्या. आजोबांनी मान हलवून ‘ही नव्हेत’ म्हटले. तरी उत्साहाच्या भरात उभ्यानेच आठ-दहा छायाचित्रे काढली आणि पुढे ती एका कवकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखविली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि इतकेच विचारले, “छत्रीच्या खाली काय होते? देठाचा तळ कसा होता?” लेखकापाशी उत्तर नव्हते. वरून पाहिलेली पांढरी छत्री म्हणजे पाठमोऱ्या माणसाचे छायाचित्र. त्यावरून ओळख पटत नाही.

म्हणून छायाचित्र घेणाऱ्याने प्रथम चिखलात गुडघा टेकण्याची तयारी ठेवावी. कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी अळम्याच्या उंचीवर आणावा. पावसाळी रानात उजेड कमी असतो. तरी झोत टाकू नये, त्याने पांढरा रंग फटफटीत होऊन बारकावे नाहीसे होतात. कोपर जमिनीवर किंवा दगडावर टेकविल्यास हात हलत नाही. भिंगावर बाफ धरते, तेव्हा एक कोरडा सुती रुमाल खिशात असावा. अळमे न खुडता छत्रीखालचे पातळ पापुद्रे टिपण्यासाठी खिशातला लहान आरसा फार उपयोगी पडतो. शेजारी एखादे नाणे ठेवले म्हणजे आकार कळतो. भोवतालची जागाही एका चित्रात यावी. मातीतून आले की कुजक्या लाकडातून, की शेणातून, यावर बरेच अवलंबून असते.

एखादे अळमे मात्र सुरीने भोवतालची माती सैल करून मुळासकट काढावे लागते. रोयणीवरच्या मोठ्या अळम्यांचा देठ मातीत मुळासारखा निमुळता होत थेट पोळ्यापर्यंत गेलेला असतो आणि छत्रीच्या मध्यावर माती भेदणारे टोक असते. देठाच्या तळाशी पिशवीसारखे आवरण आढळल्यास ते अळमे विषारी कुळातील असण्याचा संभव धरून दूर राहावे. भाताच्या शितांएवढी जी लहान अळमी शेकड्यांनी उगवतात, त्यांना मात्र असे लांब मूळ नसते. वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळ्याच्या तुकड्यांवर ती येतात.

शिक्षकांनी वर्गात करून दाखवावा असा एक सोपा प्रयोग येथे सांगतो. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद घेऊन त्यावर उमललेली छत्री पालथी नव्हे, तर पापुद्रे खाली येतील अशी ठेवावी व वर वाटी झाकावी. सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली दिसते. रोयणीच्या अळम्याची नक्षी फिकट गुलाबीसर येते. कुरणात उगवणारी, रोयणीच्या अळम्यासारखीच भासणारी एक विषारी जात आहे; तिची नक्षी हिरवट उमटते. परंतु गुलाबी नक्षी म्हणजे खाण्यास अभय असे समजू नये, कारण गुलाबी बीजाणूंच्या काही विषारी जातीही आहेत. हा प्रयोग ओळखीचा एक पुरावा आहे, परवाना नव्हे. प्रयोगानंतर मुलांनी हात स्वच्छ धुवावेत.

चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलते, किडे लागलेले अळमे निर्धोक असते, या साऱ्या समजुती निराधार आहेत. सर्वांत घातक विष शिजविल्यानेही जात नाही. ते पोटात गेल्यावर सहा तासांपासून चोवीस तासांपर्यंत काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. त्यानंतर रोगी सुधारल्यासारखा वाटतो आणि त्याच अवधीत यकृत निकामी होऊ लागते. तेव्हा शंका येताच बरे वाटण्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उरलेली अळमी, शिजलेली असली तरी, डॉक्टरांसाठी बरोबर न्यावीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये अभयारण्यातून वनोपज विनापरवाना नेण्यास मनाई आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला किंवा मोले येथील संरक्षित क्षेत्रात अळमी खुडणे हा अपराध ठरतो, याची जाणीव वेचणाऱ्यांनी आणि रस्त्यावर थांबून विकत घेणाऱ्यांनीही ठेवावी. रोयण खणणे तर कोठेही करू नये. त्याने ठेवच नष्ट होते.

जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या तयार केल्या जातात. गावातील मुलांनी काढलेली छायाचित्रे, तारीख, पावसाचे नक्षत्र, जमिनीचा प्रकार आणि अळम्याचे स्थानिक नाव अशा नोंदी समितीकडे दिल्यास त्या वहीत मोलाची भर पडेल. रोयणीचे नेमके ठिकाण मात्र जाहीर करू नये; गाव आणि वाडा एवढे लिहिले तरी पुरे. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रात ठिकाणाची नोंद पुष्कळदा आपोआप होते, तेव्हा ते इतरांना पाठविण्यापूर्वी ती काढून टाकावी. आजोबांनीही लेखकाला परतीच्या वाटेवर, आलो त्याहून निराळ्याच रस्त्याने नेले होते.