शरदातील सिता व धात्री : घरी करावयाचा साखरेतील आवळा

आश्विन महिना लागला की अंधेरी काय, मुलुंड काय, उपनगरांतील सर्वच वैद्यांकडे एकाच धाटणीचे रुग्ण वाढू लागतात. आंबट ढेकर, छातीत जळजळ, तोंड येणे, अंगावर पित्त उठणे. वर्षाकाळात संचित झालेले पित्त शरदाच्या उन्हाने प्रकुपित झालेले असते. आपण तिक्त घृत देतो, विरेचन देतो आणि रुग्ण उठता उठता सांगतो, ‘मोरावळा खात जा.’ तो कोणत्या फळाचा, किती साखरेचा आणि किती खावयाचा, हे सांगण्याचे राहून जाते.

प्रस्तुत लेखकाचेही तसेच होत असे. काही वर्षांपूर्वी अम्लपित्ताची एक प्रौढ रुग्णा दीड महिन्याने पुन्हा आली. जळजळ शमली होती, परंतु थकवा व रात्रीची मूत्रप्रवृत्ती वाढली होती. चौकशीत कळले की बाई रोज सकाळी वाटीभर विकतचा मोरावळा खात होत्या. त्यांच्या मातेस मधुमेह असल्याची नोंद मीच पहिल्या भेटीत केली होती. रक्तशर्करा तपासली, ती वाढलेली निघाली. मोरावळ्याने व्याधी निर्माण केला असे म्हणता येणार नाही. तथापि आधीच उंबरठ्यावर असलेल्या रुग्णेस मी मात्रा न लिहिता साखर दिली होती, हे खरे. तेव्हापासून मी हा पदार्थ घरी करावयास सांगतो आणि कृती स्वहस्ते लिहून देतो.

शास्त्राधार स्पष्ट आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात शरदाच्या पथ्यकर आहारात साळीचा भात, मूग, पडवळ व मध यांच्यासोबत सिता आणि धात्री ही दोन्ही द्रव्ये सांगितली आहेत. त्याच ठिकाणी तृप्ती होईपर्यंत खाणे वर्ज्य केले आहे, हेही विसरू नये.

कृती अशी. एक किलो मोठे, डाग नसलेले आवळे धुऊन मोदकपात्रात आठ-दहा मिनिटे वाफवावेत. फळ दाबताच सहा फोडी सुट्या होतात. बी काढून टाकावी. काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत फोडींवर सातशे ग्रॅम साखर पसरावी व तोंडास फडके बांधावे. दुसऱ्या दिवशी साखर विरघळून फोडी वर तरंगतात. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवावे. तीन-चार दिवसांत फोडी तळाशी बसल्या, म्हणजे साखर आत मुरली असे समजावे. मग पाक निथळून फोडी ताटात पसराव्यात, वरून पातळ कापड घालून दोन-तीन दिवस वाळवाव्यात आणि शेवटी दळलेल्या खडीसाखरेत घोळवाव्यात. उरलेला पाक टाकू नये. पाण्यात घालून त्याचे उत्तम सरबत होते.

लोखंडी कढई व लोखंडी सुरी टाळावी, आवळा काळा पडतो. काही घरी तुरटपणा जावा म्हणून फळे तुरटीच्या पाण्यात ठेवतात. मला ते पटत नाही. मधुर, तिक्त, कषाय हे पित्तशामक रस. त्यांतील कषाय घालवून आपण काय मिळवतो? परदेशात शरदात सफरचंदास काडी टोचून ते कढत पाकात बुडवितात. हल्ली मुले ते पाहून आवळ्याचेही तसे करू म्हणतात. तेथे साखरेचे केवळ कवच होते, आतले फळ कच्चेच राहते. सफरचंदास ते चालते. आवळा आतून तसाच आंबट राहतो आणि अम्लपित्ताच्या रुग्णास तोच भोवतो.

मात्रा : प्रौढास एका फळाच्या, म्हणजे सहा फोडी, मुलास दोन. सकाळी, चावून. वाळलेल्या फोडीत वजनाने निम्म्याहून अधिक साखरच असते, म्हणून प्रमेही, स्थूल व कफप्रधान रुग्णास हा पदार्थ देऊ नये. प्रमेहासाठी वाग्भटांनी धात्री व निशा ही जोडी श्रेष्ठ म्हटली आहे. तेथे आवळ्याचे चूर्ण हळदीसह द्यावे. बाईंना पुढे तेच दिले आणि रक्तशर्करेच्या उपचारासाठी त्यांच्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडेही पाठविले.

आता फळाविषयी. आवळी भोजन व तुळशीचे लग्न यांच्या सुमारास घाटकोपर, बोरिवलीच्या बाजारांत आवळ्याचे ढीग लागतात आणि गृहिणी तेव्हाच बरण्या भरतात. तो आवळा बहुधा हिरवा, अपक्व व फार आंबट असतो. चरकांनी रसायनपादांत आवळ्यासाठी पौष, माघ व फाल्गुन या महिन्यांचा उल्लेख केला आहे. वाग्भटांची शरदातील धात्री ताजी की साठवलेली, हे सूत्रात नाही. माझा व्यवहार असा : कार्तिकात पाव किलोचीच बरणी घालावयास सांगतो, तीही सणाच्या हौसेखातर. पिवळसर, रसरशीत आवळा माघात मिळतो, मुंबईची हवाही तेव्हा कोरडी असल्याने फोडींस बुरशी धरत नाही. मोठी बरणी त्या वेळी घालावी, पावसाळ्यात घट्ट झाकून ठेवावी आणि आश्विनात उघडावी.