जाऊबाईंसमोर न सांगितलेली गोळी

गणेश चतुर्थीच्या सकाळी बेंगळुरूत जयनगरच्या आमच्या दारात रांगोळी काढायला बसले, तर चिमटीतून रेष सरळ सुटेना. ठिपक्याला ठिपका जोडताना करवतीचे दात उमटत होते. आदल्या दिवशी हरतालिकेचा निर्जळी उपवास झाला होता, त्याचाच अशक्तपणा असेल म्हटलं. दुपारी उलट्या-जुलाब सुरू झाले, जीभ जड झाली. आरतीला उभी राहिले आणि तोल गेला. रात्री इमर्जन्सीत रक्त तपासलं, लिथियमची लेव्हल १.९! साधारण ०.६ ते १.० मध्ये ती ठेवतात; १.५ च्या वर विषबाधेची भीती.

बायपोलर आजारासाठी मी बारा वर्षं, बेळगावात असल्यापासून, लिथियम घेते. मला माणसांत ठेवलंय ते याच गोळीने. चूक घडली ती चतुर्थीच्या दहा दिवस आधी. गुडघा दुखत होता, उगीच रडू यायचं. थोरल्या जाऊबाईंबरोबर जवळच्या डॉक्टरांकडे गेले. "आणखी काही औषधं चालू आहेत?" त्यांनी स्पष्ट विचारलं होतं. जाऊबाई शेजारी बसलेल्या. घरात माझा आजार फक्त ह्यांना ठाऊक. मी "नाही" म्हणाले. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक आणि मनासाठी एसिटालोप्रॅम मिळालं.

लिथियम शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडांतून. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ते बाहेर पडणं कमी करतात. ब्लड प्रेशरच्या टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारख्या गोळ्यांनीही लेव्हल चढते. त्यात पाणी-मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं मिठासोबत लिथियमही धरून ठेवतात. माझ्या उपवासाने नेमकं तेच केलं, आणि जुलाबांनी त्यात भर घातली.

मनाच्या गोळ्यांचं गणित मात्र वेगळं. एसिटालोप्रॅम लिथियमबरोबर घेतलं तर लेव्हल न वाढताही थरथर, घाम, जुलाब होऊ शकतात. शिवाय बायपोलर असताना उदासीवरची गोळी माणसाला उन्मादाकडे ढकलू शकते. हॅलोपेरिडॉल किंवा कार्बामॅझेपिनसोबत, क्वचित का होईना, लेव्हल नॉर्मल असतानाही मेंदूवर परिणाम होतो. डॉक्टर या जोड्या जाणूनबुजून देतातही, पण लक्ष ठेवून. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी नवी गोळी सुरू झाल्यावर बोलणं अडखळलं, अंग ताठरलं, गोंधळल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उलट्या, तोल जाणं, जोराची थरथर असेल तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल गाठा. एरवी मात्र लिथियम आपल्या मनाने बंद करू नका. आजार उसळून येतो.

लिथियमच्या लेव्हलसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी घेण्याआधी. गडबडीत मी एकदा गोळी घेऊन गेले होते, तो आकडा कशाच्याच कामाचा नव्हता. मूत्रपिंडं आणि थायरॉइडही तपासून घ्या. निर्जळी उपवास मी कायमचा सोडला, देवाला कळतं. रात्री-अपरात्री मन फार बिघडलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. आमच्या बेंगळुरूतलं निम्हान्स त्या सेवेचं मुख्य केंद्र आहे.

पर्समध्ये आता औषधांची यादी असते, जाऊबाईंच्या अक्षरातली. सलाइन चालू असताना कॉटशेजारी बसून त्यांनीच ती लिहिली. मेडिकलमध्ये "मला लिथियम चालू आहे" म्हणताना माझा आवाज अजून खाली जातो. काउंटरवरच्या मुलाला ऐकू आलं नाही, तर पुन्हा सांगते.