उमेदवारीचा हिशेब : शिकणाऱ्यास काय व कसे विचारावे?

पेढीवर नवा मुलगा ठेवावयाचा, त्यास जुन्या मुनीमजींच्या हाताखाली बसवावयाचे, आणि दोन-तीन वर्षांत तो रोजमेळ, खतावणी, वसुली व गिऱ्हाइकी सांभाळू लागला म्हणजे उमेदवारी पुरी झाली असे मानावयाचे, ही आपल्या समाजातील फार जुनी रीत आहे. मोठ्या कंपन्यांतून अलीकडे हिलाच ‘मेंटॉरिंग’ हे नाव मिळाले आहे. अनुभवी माणसाने नवख्यास मार्गी लावावे एवढाच त्याचा अर्थ. फरक असला तर तो इतकाच की, या शिकवणुकीचा उपयोग किती झाला हे मोजण्याचा तेथे प्रयत्न होतो, आपल्याकडे तो होत नाही. मोजण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शिकणाऱ्यासच विचारणे. हे साधन दिसते तितके सरळ नाही, म्हणून त्याचा थोडा बारकाईने विचार येथे करावयाचा योजिला आहे.

उदाहरणासाठी तुकईथडसारखे गाव डोळ्यांपुढे घेऊ. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील, खंडवा-अकोला लोहमार्गावरील, मेळघाटाच्या बाजूचे हे गाव. जवळच नेपानगरचा कागद-कारखाना आहे. पंडित नेहरूंनी १९५६ साली तो राष्ट्रास अर्पण केला. तसल्या कारखान्यास शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ लागू होतो. गावच्या किराणा, कापड किंवा अडतीच्या दुकानास त्याची सक्ती नाही. २०१९ च्या सुधारित नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवरच उमेदवार ठेवण्याचे बंधन घातले. दोन-तीन माणसांच्या दुकानात जे शिकविले जाते त्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरी होत नाही. ती आपण केली तरच व्हावयाची.

आणि ती करण्याची निकड आहे. कोणत्या शेतकऱ्याची उधारी कोणत्या पिकावर फिटते, कापसातला ओलावा हाताने कसा ओळखावा, कोरकू गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत भाव कसा बोलावा, कोणास एक हंगाम सांभाळून घ्यावे आणि कोणास नाही, हे वहीत लिहिलेले नसते. ते वृद्ध मुनीमांच्या डोक्यात असते. मुलगा वर्षभराने इंदूरला किंवा सुरतेला निघून गेला आणि मुनीमजी थकले, म्हणजे पेढी उघडी राहूनही तिची निम्मी पुंजी नाहीशी होते. मुलगा का गेला, हे मात्र पुष्कळदा आपण तर्कानेच ठरवितो व ‘हल्लीच्या मुलांना धीर नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो.

आता समजा की, एखाद्या व्यापारी मंडळाने अशा मुलांस एक प्रश्नपत्रक दिले आणि पहिला प्रश्न घातला : ‘मुनीमकाकांच्या मार्गदर्शनाने आपण समाधानी आहात काय?’ उत्तर काय येईल हे सांगावयास ज्योतिषी नको. ज्याने मुलास ठेवून घेतले त्याच्याच टेबलावर कागद जावयाचा, गाव एवढे लहान की अक्षरावरून माणूस ओळखावा, आणि त्यात मुनीमकाका वडिलांच्या स्नेहातले. सर्व मुले ‘पूर्ण समाधानी’ असे लिहून देतील. या उत्तराने मुलांचा विनय मोजला गेला, विद्या नव्हे.

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात हाच अनुभव फार मोठ्या प्रमाणावर आला होता. १९२८ ते १९३० या काळात तेथे एकवीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. प्रारंभी मुलाखत घेणारे ठरीव प्रश्न विचारीत, तेव्हा उत्तरे सावध व त्रोटक मिळत. १९२९ साली पद्धत बदलली. कामगारास जे बोलावेसे वाटेल ते बोलू द्यावे, मध्ये उपदेश करू नये, वाद घालू नये, असे ठरले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत गेली, आणि जी गोष्ट प्रश्नांतून आली नसती ती बाहेर आली. आपल्या पाच-सात मुलांकरिता असा दीड तास काढणे कोणत्याही मंडळास अशक्य नाही. म्हणून छोट्या गावी छापील कागदापेक्षा शांतपणे बसून ऐकणे आम्हांस अधिक पसंत आहे.

ऐकणारा मात्र परका हवा. तुकईथडच्या मुलास नेपानगरच्या किंवा बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याने विचारावे, तेथल्या मुलांस येथल्याने. ज्या समाजात आलोचनेची परंपरा आहे, गुरूपुढे आपले दोष स्वमुखाने सांगण्याची सवय आहे, त्यास मोकळेपणाने बोलणे नवे नाही, असे कोणी म्हणेल. पण आलोचना ऐकणारे मुनिमहाराज कोणाचा पगार ठरवीत नाहीत, हे विसरता कामा नये.

विचारावयाचे काय, याविषयी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेल्या चार पायऱ्या आजही उपयोगी आहेत. शिकणाऱ्यास शिक्षण कसे वाटले, ही पहिली. तो काय शिकला, ही दुसरी. कामावर त्याचे वागणे बदलले काय, ही तिसरी. आणि त्यापासून संस्थेस काय लाभ झाला, ही चौथी. बहुतेक चौकश्या पहिल्या पायरीवरच थांबतात, कारण ती चढावयास सोपी. टॅमी ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा मार्गदर्शनावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांत असे दिसले की, मार्गदर्शन लाभलेल्या लोकांचे समाधान इतरांपेक्षा बऱ्यापैकी अधिक असते. परंतु पगार, बढती यांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींतील फरक लहान असतो. समाधान खोटे आहे असा याचा अर्थ नव्हे. समाधानाचा आकडा लाभाच्या खात्यावर मांडू नये, एवढेच.

दुसऱ्या पायरीवर एक चमत्कारिक घोटाळा होतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर मुलगा पेढीवर आला. त्यास पहिल्याच दिवशी विचारले, ‘उधारीची वसुली तुला कितपत जमेल?’ त्याने दहापैकी सात गुण स्वतःस दिले. वर्षाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याने सहाच दिले. कागदावर पाहता मुलगा मागे गेला. वास्तविक तो पुढे आला आहे. वसुली म्हणजे काय हे त्यास पहिल्या दिवशी ठाऊकच नव्हते, म्हणून सात. माप तेच राहिले, परंतु मापणाऱ्याचा गज मध्यंतरी बदलला. जॉर्ज हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली हा दोष प्रयोगांनी दाखवून दिला, आणि त्यावर उपायही सुचविला. वर्षाच्या शेवटी दोन प्रश्न एकत्र विचारावेत : आज तुला किती येते? आणि आजच्या समजुतीने पाहता, तू आलास तेव्हा किती येत होते? दोन्ही उत्तरांस एकच गज लागतो.

अर्थात आपण सुधारलो असे प्रत्येकास वाटावेसे वाटते, तेव्हा या उत्तरांतही थोडी भर पडतेच. नयवादाशी परिचित असलेल्या वाचकांस हे वेगळे सांगावयास नको : मुलाचे उत्तर हे एका बाजूने पाहिलेले सत्य आहे. दुसऱ्या बाजू पेढीतच आहेत. त्यास एका महिन्याचा रोजमेळ देऊन खतावणी करावयास सांगावी व चुका मोजाव्यात. मुनीमजींवाचून किती बाजार त्याने एकट्याने सांभाळले, ते पाहावे. मुनीमजींसही स्वतंत्रपणे विचारावे की, कोणते काम त्यांनी आता मुलावर सोडले आहे. जे काम ते अजून सोडीत नाहीत, त्याचा उल्लेखही तितकाच बोलका असतो. प्रश्नसुद्धा गुणांचे नकोत, कामाचे असावेत. ‘मार्गदर्शन नियमित मिळते काय?’ याऐवजी ‘गेल्या आठवड्यात मुनीमकाकांनी तुला शेजारी बसवून कोणते काम दाखविले?’ असे विचारावे. ‘आठवत नाही’ हेही उत्तरच होय.

आकड्यांसंबंधी एक सूचना आवश्यक वाटते. पाच मुलांपैकी चौघांनी होकार दिला तर ‘ऐंशी टक्के’ असे अहवालात छापण्याचा मोह होतो. एका मुलाचे मन बदलले की तेच साठ होतात. अशा ठिकाणी ‘पाचांपैकी चार’ असेच लिहावे. शिवाय हे पाच म्हणजे टिकून राहिलेले पाच. जे सोडून गेले त्यांस वगळून केलेली चौकशी ही बुडीत खाती गाळून काढलेल्या ताळेबंदासारखी आहे. इंदूर-सुरतेस गेलेल्या मुलांस दूरध्वनी करून विचारणे आज काही मिनिटांचे काम आहे, आणि त्यांस येथे कोणाचे भय उरलेले नसते. गेल्यावर सहा महिन्यांनी विचारले तर राग निवळलेला असतो आणि कारण अजून स्मरणात असते.

वेळेचाही विचार करावा. कापसाच्या आवकेच्या दिवसांत किंवा दिवाळीच्या गर्दीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे थकव्याची असतात. मुलगा आला त्या महिन्यात एकदा, सहा महिन्यांनी एकदा व वर्ष भरल्यावर एकदा, इतके पुरे. मिळालेल्या उत्तरांतून निदान एखादी गोष्ट पेढीवर बदलावी आणि ती कोणत्या उत्तरावरून बदलली हे, नाव न घेता, सर्व मुलांस सांगावे. तसे झाले नाही तर दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडून पुन्हा ‘पूर्ण समाधानी’ एवढेच ऐकावयास मिळेल.